वाचक विचारतात : वादळात पडलेला रेडिओचा टॉवर परत कसा उभा राहतो?

या वेळच्या टपालात बडोद्याच्या वाचकांची रेडिओवर बरीच पत्रं आलीत. मी तीस वर्षं ट्रान्समीटर आणि टॉवरच्या कामात होतो म्हणून संपादकांनी तो गठ्ठा माझ्याकडे दिला. चार प्रश्न घेतलेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे कारण विषयच तेवढा मोठा आहे.

काका, लहानपणी आमच्या घरी रात्री मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर लागायची, खरखर असायची पण आई कान लावून ऐकायची. रेडिओचा नाद मला तिथूनच लागला. आता माझा भाचा फिलिपीन्सला मेडिकल करतोय, त्याच्या कॉलेजजवळच्या एका छोट्या एएम स्टेशनचा टॉवर मागच्या टायफूनमधे पडला. तो सांगतो की आवाज चार दिवसांत परत आला, बारीक का होईना, पण टॉवरला सात महिने होऊन गेले तरी अजून अर्धाच उभा आहे. एका खांबाला इतका वेळ का लागावा? आणि टॉवर नसताना आवाज आला तरी कसा?
– एक वाचक, दांडिया बाजार

दादा, तुमच्या आईंच्या त्या ५५८ पासूनच सुरू करतो. ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे लहरीची लांबी झाली ५३७ मीटर. मीडियम वेव्हला, म्हणजे तुमचा भाचा ज्याला एएम म्हणतो त्याला, टॉवरवर अँटेना बसवलेला नसतो, तो अख्खा लोखंडी खांब हाच अँटेना असतो. तो पाव लहरीएवढा ठेवायचा म्हटलं तर ५५८ ला १३४ मीटर लागतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजली बिल्डिंगएवढा. आणि एवढा उंच खांब जमिनीला टेकलेला नसतो बरं का. चिनी मातीच्या एका जाड इन्सुलेटरवर तो उभा असतो, खाली निमुळता होत गेलेला, आणि चारी बाजूंनी पोलादी दोरांनी ताणून धरलेला. आमच्यात त्यांना गाय रोप म्हणतात, आपल्या मांडवाचे तणावे असतात ना तसेच. खांबाला स्वतःला उभं राहायची ताकद जवळजवळ नसतेच, त्याला उभं ठेवतात ते तणावे. म्हणून टॉवर पडला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आधी एखादा तणावा गेलेला असतो.

आता वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, इथे भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. आपल्या भारतीय मानकात बडोद्याला ४४ मीटर प्रति सेकंद वारा धरून डिझाइन करतात, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, त्याचा दाब होतो दर चौरस मीटरला साधारण ११८ किलो. भुजला ५० मीटर धरतात, तिथे तोच दाब दीडशेच्या वर जातो. आणि २०१३ च्या नोव्हेंबरात फिलिपीन्सला जे हैयान आलं, तिकडे त्याला योलांडा म्हणतात, त्याचा वारा जपानच्या हवामान खात्याने ताशी २३० धरलाय. हिशोब करा, दर चौरस मीटरला अडीचशे किलो. त्यात उडालेले पत्रे येतात. पत्रा येऊन टॉवरच्या जाळीत अडकला की वाऱ्याला आयतं शीड मिळतं, आणि तो धारेने तणाव्यावर बसला तर दोराचे पदर कापत जातो. खालून समुद्राचं पाणी चढलं तर अँकर ब्लॉकच्या, म्हणजे तणावे जमिनीत धरून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या, बुडाची माती धुऊन निघते. टॉवर तीन दिशांनी धरलेला असेल तर एका दिशेचा धर सुटायला पुरे, बाकीचे दोन त्याला आपल्याकडे ओढून पाडतात.

आवाज चार दिवसांत कसा आला ते सांगतो, कारण मला त्या स्टेशनवाल्यांचं खरंच कौतुक वाटतं, त्यांनी क्रम बरोबर लावला. ट्रान्समीटर खोलीत असतो, खोली वाचली तर तोही वाचतो. मग डिझेल मिळवायचं, जनरेटर चालू करायचा, आणि दोन खांब किंवा दोन मजबूत झाडं बघून त्यांच्यामधे तांब्याची तार लांब ताणायची, एक टोक खाली घ्यायचं, उलट्या एल सारखा आकार होतो. पॉवर अगदी कमी करायची, नाहीतर ट्रान्समीटरमधून जाणारी शक्ती तारेला पेलत नाही आणि उलटी येऊन मशीन जाळते. अशा तारेवरून आवाज जातो पण थोड्याच गावांपर्यंत. पण वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यात माणसाला काय ऐकायचं असतं? पाणी कुठे मिळतं, कुठला रस्ता मोकळा आहे, कोण कुठल्या शाळेत आहे. त्याला ही थोडीच गावं पुष्कळ होतात. हैयाननंतर तिकडच्या टाक्लोबान शहरात वीज, फोन, रेडिओ सगळंच बसलं होतं, आणि मदतवाल्यांनी तिथे अन्नपाण्याबरोबर छोटे एफएम ट्रान्समीटरही नेले, तात्पुरती स्टेशनं उभी केली. मी इतकी वर्षं हेच सांगत आलोय, आधी आवाज काढा, टॉवर नंतर सावकाश करा. उलटं करायला गेलं की दोन्ही बिघडतं, टॉवर घाईत उभा होतो आणि लोक तोपर्यंत अंधारात बसतात.

आता सात महिने. पहिला महिना पडलेलं लोखंड उचलण्यातच जातो, कारण ते पीळ पडलेलं असतं आणि ताणात असतं, चुकीच्या जागी कापलं तर उसळून माणसाला लागतं. मग पाया बघायचा. वरून धड दिसतो, पण बोल्ट ओढले गेलेले असतात, काँक्रीटला आत चीर असते. नवा अँकर ब्लॉक ओतला तर काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस द्यावे लागतात, त्यात कुणाची घाई चालत नाही. दरम्यान स्टीलची ऑर्डर, तुकडे कापून भोकं पाडून मगच त्यांचं गॅल्वनायझिंग, म्हणजे जस्ताचा लेप, उलटं नाही, नाहीतर भोकाच्या कडेने खाऱ्या हवेत दोन वर्षांत गंज लागतो. बेटावर हे सगळं बोटीने येणार आणि त्याच वेळी बंदरावर पत्रे, सिमेंट, औषधं सगळ्यांचीच रांग लागलेली, टॉवरच्या लोखंडाचा नंबर मागे असणारच आणि असायलाही हवा.

आणि जमिनीखालचं काम तर कुणाला दिसतच नाही! मीडियम वेव्हच्या खांबाभोवती जमिनीत तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. १९३७ साली अमेरिकेतल्या तीन इंजिनिअरांनी मोजून दाखवलं होतं की त्या किती आणि केवढ्या असाव्यात, तेव्हापासून १२० आरे, म्हणजे दर तीन अंशाला एक, असा पायंडाच पडला. १३४ मीटरची एक तार धरली तर १२० तारांची झाली सोळा किलोमीटर. सोळा किलोमीटर तांबं, फूटभर खोल. वादळानंतर मलबा उचलायला जेसीबी आणि ट्रक येतात ते नेमके याच तारा तोडतात, त्याशिवाय उघड्या पडलेल्या तारा चोरीला जातात. टॉवर नवाकोरा उभा राहिला आणि खालचे आरे तुटलेले असले तर अर्धी शक्ती माती तापवण्यात जाते, गावात लोक म्हणतात नवीन टॉवरचा आवाज जुन्यासारखा येत नाही, आणि त्यांचं खरं असतं.

खांब चढवायचं काम त्या मानाने भराभर होतं. एक जिन पोल, म्हणजे टॉवरलाच बांधलेला उचलायचा दांडा, त्याने एकावर एक तुकडा चढवत जायचं, थोडं चढलं की तणाव्यांची एक पातळी बांधायची, मग पुढे. पण वारा जरा वाढला की काम बंद. त्या भागात टायफून वर्षभर कधीही येतो, मोसम संपला असं ठामपणे म्हणता येत नाही, त्यामुळे शांत दिवस मोजूनच मिळतात. अर्धा उभा आहे म्हणता, तर बहुतेक हाच टप्पा असेल.

मग येतं तणावे खेचण्याचं काम, आणि इथे मला एक जुनी गोष्ट सांगायचीय. १९९८ च्या जूनमधे कांडल्याचं वादळ झालं, त्यानंतर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एका छोट्या टॉवरच्या कामाला मी गेलो होतो, कुणाचा ते राहू दे. ठेकेदाराला बिल काढायची घाई होती. त्याच्या माणसांनी एका बाजूचे तणावे आधी पूर्ण खेचून घेतले आणि मग दुसऱ्या बाजूला गेले. संध्याकाळी मी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावला तर खांब मधेच बाकदार, वर सरळ, खाली सरळ, आणि मधे पोट काढलेलं. आमच्याबरोबरचा म्हातारा रिगर, म्हणजे टॉवरच्या दोरांचं काम करणारा कारागीर, काही बोलला नाही, तो अँकरपाशी जाऊन उकिडवा बसला, दोराला हाताने एक जोरात हिसका दिला आणि दोरावर तळवा ठेवून डोळे मिटले. हिसक्याची लहर वर जाते, खांबाला धडकून परत येते, तळव्याला टक् लागतं, परत जाते, परत येते. तो दहा फेऱ्या मोजत होता आणि मी घड्याळात सेकंद बघत होतो. त्यावरून ताण काढता येतो, लहर जितकी लवकर परत येते तितका दोर जास्त ताणलेला. एका बाजूला जेवढा हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. साधारणपणे दोर तुटायला जेवढा जोर लागतो त्याच्या दहावा हिस्सा ताण शांत हवेत ठेवतात, जास्त ठेवला तर वाऱ्यात दोराला वावच राहत नाही. सगळं सैल करून पहिल्यापासून करावं लागलं, तिन्ही बाजूंना तीन माणसं, शिट्टी वाजली की प्रत्येकाने टर्नबकलचा, म्हणजे दोर ताणायच्या आट्यांच्या जोडाचा, एकच आटा फिरवायचा, मग थांबायचं, मग परत शिट्टी. दोन दिवस गेले त्यात. शेवटी त्या म्हाताऱ्याने प्रत्येक टर्नबकलमधून जाड तार ओवून पीळ दिला म्हणजे वाऱ्याच्या थरथरीने आटे सुटणार नाहीत. आधीच्या टॉवरच्या पडलेल्या टर्नबकलमधे ती तार नव्हती, मी स्वतः बोट घालून बघितलं होतं.

तणाव्यांशी घाई केली तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण पोलंडचं. वॉर्साच्या रेडिओचा कॉन्स्टँटिनोव्हचा मास्ट, म्हणजे तणाव्यांवर उभा खांब, ६४६ मीटर, त्या वेळी माणसाने बांधलेली जगातली सगळ्यात उंच गोष्ट, ८ ऑगस्ट १९९१ ला कोसळला. वादळ नव्हतं, जुने तणावे बदलायचं काम चालू होतं. सुदैवाने माणूस कुणी गेला नाही. पण तो मास्ट परत उभा राहिला नाही तो नाहीच. म्हणून भाच्याला सांगा, सात महिने लागले तरी कुणावर चिडू नकोस, आणि जमलं तर एकदा जाऊन तिकडच्या रिगरांना दोर मोजताना बघ.

सर, मी इथे सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पडलेल्या टॉवरचं स्टील परत का वापरत नाहीत? सरळ दिसणारे तुकडे तर बरेच असतात. आणि नवीन टॉवर जुन्यापेक्षा किती मजबूत करायचा हे कसं ठरतं?
– एक विद्यार्थी, फत्तेगंज

सरळ दिसतो तो तुकडा हातात घेऊन त्याच्या बोल्टच्या भोकातून बोट फिरव. गोल असायला हवं ते लांबट झालेलं लागेल, अंड्यासारखं. म्हणजे तो तुकडा एकदा ओढला गेलाय, बोल्ट तिथे आता घट्ट बसणार नाही, आणि टॉवरमधे जरासा खुळखुळाही वाऱ्यात रोज वाढत जातो. म्हणून तुकडा न् तुकडा तपासायला जितका खर्च येतो त्यात नवीन येतो. तणावे आणि बोल्ट तर कधीच परत वापरायचे नाहीत, चिनी मातीचा इन्सुलेटरही नाही, त्याला आत केसाएवढी चीर असली तरी वर शंभर टन आले की फुटतो.

मजबुतीचं म्हणशील तर आयएस ८७५ चा, म्हणजे बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकाचा, वाऱ्यावरचा भाग ३ वाच, २०१५ ची आवृत्ती. त्यात वादळी किनाऱ्यासाठी, साधारण ६० किलोमीटरच्या पट्ट्यात, एक वेगळा गुणक आलाय. वादळानंतर ज्या गोष्टी चालू राहायलाच हव्यात त्यांना वाऱ्याचा वेग १.३० पट धरायचा, कारखान्यांना १.१५, बाकीच्यांना १. आता वेगाच्या वर्गाने जोर वाढतो हे वर लिहिलंय, म्हणजे १.३० चा अर्थ जोर १.६९ पट झाला. माझ्या मते रेडिओचा टॉवर नेहमी त्या पहिल्या गटातच मोजला पाहिजे, कुणी नुसती करमणुकीची सोय म्हणून शेवटच्या गटात टाकत असेल तर तू नोकरीला लागल्यावर त्याला विरोध कर. आणखी एक, मजबूत म्हणजे जाड असं समजू नकोस. जाड तुकडा वाऱ्याला जास्त अंग देतो. बऱ्याचदा नवीन डिझाइनमधे टॉवर थोडा बुटका करतात, तणाव्यांची एक पातळी वाढवतात आणि टॉवरवर लटकवलेली जास्तीची सामग्री उतरवतात, त्याने जास्त फरक पडतो.

टायफून, हरिकेन आणि आपलं वावाझोडुं यात फरक काय? शेजारच्या गुजराती काकी विचारत होत्या, मला सांगता आलं नाही.
– एक गृहिणी, मांडवी

ताई, वादळ एकच, नाव ठिकाणावरून. प्रशांत महासागराच्या पश्चिमेला, म्हणजे फिलिपीन्स, जपान, गुआमकडे टायफून. अमेरिकेच्या दोन्ही बाजूंना हरिकेन. आपल्याकडे सायक्लोन, चक्रीवादळ, काकींचं वावाझोडुं. टायफून किंवा हरिकेन म्हणायला वारा ताशी ११८-११९ च्या वर लागतो, आपलं हवामान खातं मात्र ६२ पासूनच चक्रीवादळ म्हणतं आणि नाव देतं. १७ मे २०२१ ला उन्याजवळ आलेलं ताऊते टायफूनच्या मोजमापात आरामात बसलं असतं.

२०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्याकडे वीज गेली, मग इन्व्हर्टर संपला, मग फोन संपले. मुलं मुंबईला, आम्ही दोघंच वरच्या मजल्यावर. यांचा जुना ट्रान्झिस्टर माळ्यावर होता पण त्यात सेलच नव्हते. आता पुढच्या पावसाळ्यासाठी कुठला रेडिओ घ्यावा? आणि पुरात रेडिओ स्टेशन तरी चालू राहतं का?
– एक काकू, समा

काकू, तुमचं पत्र वाचून मला माझ्या बहिणीचीच आठवण झाली, तीही तेव्हा दोन दिवस अशीच वर बसून होती.

स्टेशनचं म्हणाल तर नदीच्या पुराने टॉवर सहसा पडत नाही, वीज जाते आणि ट्रान्समीटरच्या खोलीत पाणी शिरायची भीती असते. जनरेटर उंचावर असला आणि डिझेल पोचलं तर स्टेशन चालू राहतं. आपल्या बडोद्याला तर रेडिओ संस्थानाच्या काळापासून आहे, १९४८ मधे ते स्टेशन आकाशवाणीत गेलं, शहराला रेडिओची सवय जुनी आहे.

रेडिओ कुठला घ्यायचा, तर साधा, सेलवर चालणारा, एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही असलेला. नुसता चार्जिंगवाला घेऊ नका, वीज गेल्यावर तोही फोनसारखाच होतो. फोनमधल्या रेडिओवर पण भिस्त ठेवू नका, पुष्कळ फोनमधे तो नसतोच, आणि असला तरी इयरफोनची वायर लावल्याशिवाय लागत नाही कारण ती वायरच त्याचा अँटेना असते.

एफएमवर विविध भारती ९३.९ ला आहे, गावातलं गावात स्वच्छ येतं. एफएमचा आवाज नजरेच्या रेषेत जातो, शंभर मीटर उंचीवरून निघाला तर चाळीसेक किलोमीटर, वीस मीटरवरून निघाला तर अठराच्या आसपास, म्हणून त्याचा टॉवर गेला तर लांबच्या गावांना पहिला फटका बसतो. मीडियम वेव्ह लांबून येतं, रात्री तर फारच लांबून, दिवसा आकाशातला एक थर ते शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरावरून लहर परत खाली येते, वरच्या पत्रातल्या आईंना बडोद्यात बसून मुंबई मिळायची ती त्यामुळेच. एलईडी बल्ब आणि चार्जर मीडियम वेव्हमधे फार खरखर करतात, पण लाइट गेलेले असतात तेव्हा तेही बंद असतात, त्यामुळे पुराच्या रात्री मीडियम वेव्ह एरवीपेक्षा स्वच्छ लागतं! आकाशवाणीने मीडियम वेव्हचे काही ट्रान्समीटर बंद केलेत, तेव्हा रेडिओ आणला की एका रात्री काकांना सगळी पट्टी सावकाश फिरवून बघायला सांगा, तुमच्या घरात काय काय लागतं ते आणि किती वाजता ते कागदावर लिहून रेडिओच्या पाठीला चिकटवा. आवाज बारीक आला तर रेडिओ आडवा-उभा फिरवून बघा, त्याच्या आतल्या अँटेनाला दिशा असते, पाव फेरीत फरक पडतो.

माळ्यावरचा जुना पण काढा. सेल आतच राहून गळले नाहीत ना ते बघा, सेलच्या खाचेतल्या स्प्रिंगवर हिरवं-पांढरं साचलं असेल तर व्हिनेगरमधे बुडवलेल्या कापसाने पुसून कोरडं करा, बरेच रेडिओ तेवढ्याने चालू होतात. आणि नवीन सेल रेडिओच्या आत ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी रेडिओच्या हँडललाच रबरबँडने बांधा, म्हणजे अंधारात शोधायला लागणार नाहीत.